चंचीच्या कोपऱ्यातले दाणे

मंगळवार, दिवेलागण, १९९८

आज मी पोलिसांवर वरताण केली! घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी फुलबाजारात मोगरा मांडते तोच हवालदार आला. तीन दिवसांमागं स्टँडवर एक म्हातारी बाकावर बसल्या जागी गेली, तिचा फोटो घेऊन. कुणीच ओळखेना. मीबी नाय ओळखलं. "उद्या बेवारस म्हणून उरकणार, आजी," म्हणाला. पण तिची पानसुपारीची चंची होती त्याच्याकडं. म्हटलं, आण इकडं. कप्पे त्यानं सगळे उलटे करून पाहिलेले, पण कोपरा कोण चाचपतो? मी चाचपला. आत ज्वारीचे पाच दाणे शिवलेले! नांदगावकडं आमच्या गावात लेक सासरी निघाली की आई असेच दाणे शिवून देते. दुसरीकडं कुठं नाय पाहिलं मी.

लगेच बूथवरून गावी भावाला फोन केला. तो ओरडलाच, "आक्का, ती वरच्या आळीची चंद्रभागा! माहेरी आलेली, अंबडला लेकाकडं परत निघाली ती पोचलीच नाय. तो शोधून येडा झालाय." इतक्या वर्षांत चेहरा कुठला ओळखू यायला!

भावानं कळवलं, दुपारी तिचा लेक आला. आता अग्नी तोच देईल. मेल्या माणसाच्या कामात एवढा आनंद बरा का? पण झाला खरा. हवालदार म्हणे, "आजी, पोलिसात भरती व्हा." म्हटलं, "मग माझा मोगरा तू विकशील का?"

लेकानं डोळे पुसत विचारलं, "तुम्ही आईच्या कोण?"

"माहेरची," म्हटलं.

घरी आले, सूनबाईचा हात धरून माझ्या चंचीचा कोपरा तिला चाचपायला लावला. तिला ठाऊक असू दे, दाणे कुठं हाईत ते.