अहो आई

कमिटीवाल्या ताई,

हे पत्र मी धाडणार नाही. लेकाला कळलं तर तो लाजेनं मरेल.

तुम्ही जगभरची माणसं मिळून फुकट वाटायचं सॉफ्टवेअर बनवता, त्यातून तुमच्या कमिटीनं त्याला काढलं. कुणाच्या तरी कामाखाली त्यानं लिहिलं, 'गाढवा, पुन्हा कर!' सभ्य बोलायचा तुमचा नियम मोडला, खरंय. ज्याला लागलं, त्याला लागलंच. पण आमच्या घरात गाढव म्हणजे लाडका. 'अहो' फक्त परक्याला.

आता तो मलाच 'अहो आई' म्हणतो. त्याचे वडील गेले तेव्हाही एवढा गप्प नव्हता. काल मुद्दाम त्याच्या चहात मीठ घातलं. म्हटलं, आता तरी खेकसेल. मेल्यानं सगळा पिऊन टाकला आणि म्हणाला, "छान झालाय. आभारी आहे."

ताई, परत घ्या हो त्याला. एवढं सभ्य पोर मला बघवत नाही.

हात जोडते,
त्याची आई