बुडीत

बाबा, मागच्या महिन्यात आम्ही दोघं धरणाच्या बुडितावर राहून आलो, फिरायला म्हणून. तुम्ही असता तर हे ऐकून ताटावरून उठला असता. माझी नोकरी संपली, मुलीचं लग्न झालं, आणि तुमच्या सुनेनं ठरवलं की आयुष्यात एकदा तरी कुठंतरी जाऊन नुसतं बसून राहायचं. मी म्हटलं, पितृपक्षात कोण फिरायला जातं? ती म्हणाली, "म्हणून तर गर्दी नाय. आणि पितर तुमचे तिथलेच ना?" शहापूर मागं टाकून आत वळलो तर दोन्ही अंगांना भात निसवलेलं, बांधावर तेरडा. पाण्याच्या काठावर खोल्या बांधल्यात, पुढं झोपाळा. ती दिवसभर त्या झोपाळ्यावर बसली. तिला इतकं स्वस्थ मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिथला मॅनेजर पाहुण्यांना माहिती सांगत होता. तरुण आहे, बोलायला गोड. म्हणाला, हा लेक नैसर्गिक आहे, आधी इथं नुसतं जंगल होतं, वस्ती नव्हती. मी चारचौघांत बोलणारा माणूस नाही, तुम्हाला माहीत आहे. पण कप खाली ठेवला आणि म्हटलं, "हे बुडीत आहे. इथं आमचं गाव होतं." तो हसला. "काका, बुडीत तर बँकेचं कर्ज असतं ना?" दोघं-तिघं पाहुणेही हसले. नव्या गावच्या शाळेत मुलं मला "ए बुडीतवाल्या" म्हणून हाक मारायची. तो शब्द याच्या कानावर कधी पडलाच नव्हता. धरण झालं, शहराला पाणी गेलं, इथवर मी समजू शकतो. पण आम्ही कधी नव्हतोच, हे कसं चालेल? रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

सकाळी नाश्त्याला बसलो तर तोच मॅनेजर टेबलापाशी आला. "सॉरी हां काका. तुमच्या गावाची गोष्ट मी आता पाहुण्यांना सांगत जाईन. देऊळ कुठं होतं? घरं कशी होती?" आणि माझ्याकडं सांगायला काहीच नव्हतं. गाव सुटलं तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. त्याच्यावरचा राग तिथल्या तिथं तुमच्याकडं वळला. नव्या घरात आई चुलीपाशी भाकरी भाजत असताना मी एकदा विचारलं होतं, बाबा, आपलं घर कसं होतं? तुम्ही ताट पुढं सरकवलंत. "घर हेच. जेव गुमान." आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली, ती करपली. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि तुम्ही गेल्यावरही आईनं तोंड उघडलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, बोललं नाही की दुखणार नाही. पण ते गाव तुमच्या एकट्याचं नव्हतं, बाबा. घरं धरणानं बुडवली. जे उरलं होतं ते तुम्ही बुडवलंत.

मॅनेजर उभाच होता. इतकी वर्षं संसार करून तुमच्या सुनेनं पहिल्यांदाच विचारलं, "कुठल्या अंगाला होतं ओ आपलं घर?" आपलं म्हणाली ती. मी हात उचलला आणि पलीकडच्या टेकडीखालचं पाणी दाखवलं. "त्या तिथं. पूर्वेला तोंड होतं. पुढं पडवी." ती नाश्ता तसाच टाकून काठावर गेली, पानावर घास ठेवला, त्या दिशेला हात जोडले, मग फोनवर त्या पाण्याचा फोटो काढून मुलीला पाठवला. मुलीनं तो मोठा करून तिच्या घरात लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, हे आमचं गावचं घर.

मला काहीच ठाऊक नव्हतं, बाबा. तिथं घर काय, साधं शेतसुद्धा नसेल. पण आता आपलं घर तिथं आहे, आणि चूक असेल तर दोष तुमचा. हा कागद मात्र फाडून टाकीन. तुमच्या सुनेच्या हाती लागायला नको.