कलंडलेली मासोळी

अम्मा, तुझ्या हुसेनचा सलाम. अगत्ती बेटावर मासळी भरपूर आहे, मी पोटभर जेवतो. दीदीचे गुडघे कसे आहेत?

होडीवर तांडेलाचा हुकूम चालतो, त्याने मला आमिषावर बसवलंय. जिवंत मासोळी मुठीत जराशी चिरडून समुद्रात सोडायची. धड मासोळीचं पांढरं पोट खालून उजेडात मिसळून जातं, खालून येणाऱ्या मोठ्या कुपा माशाला दिसतच नाही. चिरडलेली कलंडते, तिची काळी पाठ दिसते आणि कुपा तिलाच धरतो. हात बसलाय माझा.

परवा होडीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुसाचाचाने छातीत कळ येते म्हणून सांगितलं. तांडेल म्हणाला, "कलंडलास होय रे? जा घरी." आम्ही सगळे हसलो. त्याला धक्क्यावर उतरवलं.

माझा खोकला बरा आहे. औषध पाठवशील ते हलव्याच्या आत दडवून पाठव. घरचा डबा इथे सगळ्यांसमोर उघडतात.

तुझा धडधाकट,
हुसेन