जुनं हिरवं बटण

मंगळवार, संध्याकाळ, केनवड

बाजारभावाच्या ॲपच्या डिझाइन सिस्टिममधून, म्हणजे सगळ्या स्क्रीनसाठी ठरलेल्या रंग-बटणांच्या संचातून, भाव पाहायचं जुनं हिरवं बटण आज काढून टाकलं. मीच बनवलेलं. सगळ्या स्क्रीनवर नवं निळं बसलं ना, हे दोनदा तपासलं, मग अपडेट सोडलं.

चहाच्या वेळी आई मोबाइल घेऊन आली. "सोयाबीनचा भाव पाहाचा होता. हिरवं कुठी गेलं वं?"

मी निळं दाखवलं. तिचं बोट बटणाच्या वरच थांबलं.

"मले वाचता येते काय? मी त रंगावरूनच दाबत होती."

हिरवं. तेवढंच तिला पाठ होतं. स्क्रीन तपासले, माणसं का नाही तपासली मी?

उद्या टीमला सांगते, नवं बटणही हिरवंच करू. बदलाच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात लिहीन: आईनं दाबलं नाही.