पेंटशॉपच्या ‘बॅक’ फायली

मंगळवार, संध्याकाळ

बस चाकणहून वाकडला पोचली, तरी डोक्यातून त्या ‘बॅक’ फायली जात नाहीत. प्लांटमधल्या यंत्रांचे सगळे प्रोग्रॅम आता एकाच ठिकाणी, प्रत्येक बदलाच्या नोंदीसह जपायचेत. त्यातून कोणत्या फायली आपोआप वगळायच्या, हे ठरवायचं काम माझ्याकडे. नावाच्या शेवटी ‘बॅक’ असलं की जुनी प्रत, म्हणजे कचरा, असं मी धरूनच चालले होते.

दुपारी पेंटशॉपचा, म्हणजे रंगकाम विभागाचा, इंजिनिअर इरफान सहज म्हणाला, “मॅडम, आमच्या रोबोटची सेटिंग्ज ‘बॅक’ नावानेच सेव्ह होतात. दुसरी प्रत नाही.”

उद्यापासून सगळीकडे माझा वगळण्याचा नियम लागू होणार होता. रोबोटचा कॉम्प्युटर बंद पडला असता, तर? शोधायला गेल्यावरच कळलं असतं की काही जपलेलंच नाही.

सरांना म्हटलं, “उद्या नको. आधी प्रत्येक लाइनवर जाऊन विचारते.”

“मग आधी का नाही विचारलंत?”

तरी उद्याचं काम थांबवलं त्यांनी.

‘बॅक’ फायली वगळणं रद्द केलं. तरी धाकधूक आहेच. वगळायच्या बाकीच्या फायलींतही कुणाची एकुलती एक प्रत असेल तर? शेवटी सगळंच वगळणं बंद करून टाकलं. साठू दे कचरा.