गोड न खाणारी झुरळं

३ मार्च, मंगळवार

चोर ठरवलं मला! तेही सगळ्यांसमोर! सुपरवायझर म्हणाला, "बाई, झुरळांचं औषध झुरळांना घालायचं असतं, बाहेर विकायचं नसतं." आणि फिदीफिदी हसला. बाकीचे चौघे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

बेकरीतून सहावी तक्रार आली आहे. मालकीणबाईंचं म्हणणं असं, की तुमची बाई महिन्यातून दोनदा येते, ते गोड विषारी जेल लावते, आणि तिची पाठ वळली की झुरळं पुन्हा हजर! पण मी लावते हो! ओव्हनच्या मागे, कपाटाच्या बिजागरीत, पिठाच्या डब्यांखाली. मसुराएवढा ठिपका, वीतभर अंतरावर दुसरा. बाबांनी शिकवला तस्साच.

"पंधरा दिवस देतो. झुरळं गेली नाहीत तर तू जा," म्हणाला.

जाते की काय! बघतेच आता.

४ मार्च, बुधवार

बाबांना सांगितलं. ते माझ्या चष्म्याचा स्क्रू बसवत होते — मुंगीएवढा स्क्रू. बसवला, चष्मा हातात दिला आणि मग म्हणाले, "खात नाहीत ना?"

अंगावर काटाच आला. चार वर्षांपूर्वी, ते ह्याच नोकरीत असताना, ह्याच बेकरीबद्दल हेच म्हणाले होते. पंधरा वर्षं ती बेकरी त्यांच्याकडे होती. सुपरवायझर तेव्हा सांगत सुटला होता — म्हाताऱ्याचे हात थरथरतात, औषध लावायचं विसरतो. आणि मी काय केलं? हसले! "झुरळ कधी गोड सोडेल का? बाबा, आता पुरे. घरी बसा."

बसले बिचारे. आठवड्याभरात त्यांची जागा मला मिळाली. माझं दुकानातलं काम नुकतंच सुटलं होतं, लेकीची शाळा होती. मला बरंच वाटलं होतं. इथे तरी खोटं कशाला लिहू?

६ मार्च, शुक्रवार

दुपारी बेकरी बंद असते. तेव्हा जाऊन ओव्हनमागे अंधारात फतकल मारून बसले. लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन; लाल उजेड झुरळांना दिसत नाही. गेल्या खेपेचे ठिपके जसेच्या तसे! तासाभरानं एक झुरळ आलं. मिशा लावल्या, जरा तोंड लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे पळालं. दुसरं आलं, तेही तसंच. तिसरं तर लांबूनच वळलं. गोड जेलला नाक मुरडणारी झुरळं! आमच्या धंद्यात कुणी ऐकलंय का?

तीसेक बरणीत भरली. मालकीणबाई दारात. "पाळणार आहेस की काय?"

"साक्षीदार आहेत माझे," म्हटलं.

सुपरवायझरला फोन केला, तर म्हणे, "ती कुठली तरी नवी जात असेल, पिठाच्या पोत्यातून आलेली." नवी जात म्हणे! घरी येऊन भिंगाखाली धरलं. नखाएवढं, तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. हीच जात मी रोज मारते. हा माणूस सुपरवायझर कसा झाला देव जाणे.

८ मार्च, रविवार

लेक नववीत आहे. बरणी बघून आधी किंचाळली, मग पुस्तक घेऊन आली. नैसर्गिक निवडीचा धडा.

मी म्हटलं, "म्हणजे झुरळं शहाणी झाली तर!"

"नाही गं आई! कुणीच शहाणं झालं नाही. हजारात एखाद्याला आधीपासूनच गोड कडू लागत असणार. गोड आवडणारी जेल खाऊन मेली. हे एक वाचलं. त्याची पोरं त्याच्यासारखी. पुन्हा जेल, पुन्हा तेच."

वर्षाला झुरळांच्या तीन-चार पिढ्या होतात, हे मला कुणी शिकवायला नको. पंधरा वर्षांत पन्नासएक पिढ्या. आणि प्रत्येक पिढीला बाबांचं जेल.

म्हणजे औषध लावलं जात होतं! नुसतं लावलं नाही, चोख लावलं. एक फट सोडली असती तर तिथे गोडखाऊ उरली असती. बाबांनी एकही फट सोडली नाही, म्हणून ही कडूतोंडी तेवढी शिल्लक राहिली. चोख काम केल्याची ही शिक्षा! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागानंच रडले.

बाबा मात्र शांत. म्हणाले, "एका बरणीनं काय होतंय? साहेब म्हणतील, तुझी झुरळं आजारी आहेत. दुसरीकडची आण. ते कागदाचं गोदाम आहे ना, तिथली आण."

"तिथलीच का?"

"जवळ पडतं," म्हणाले.

९ मार्च, सोमवार

गोदामाच्या वॉचमनला म्हटलं, तपासणी आहे. त्यानं हात जोडले. "बाई, तपासणी नको, मारा एकदाची!" पुठ्ठ्याच्या खोक्यांत बुजबुजाट! पाच मिनिटांत बरणी भरली.

आता दोन्ही बरण्या मोरीत, घोंगडीखाली. दोन्हीत एकेक ठिपका जेल आणि एकेक गोळी शेंगदाण्याच्या कुटाची — बिनसाखरेची, बिनविषाची. लेकीनं चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. "आंघोळ कुठे करायची?" हा तिचा प्रश्न. शेजारी कर म्हटलं.

११ मार्च, बुधवार

गोदामवाल्यांनी जेल चाटूनपुसून खाल्लं. सगळी उताणी! बेकरीवाल्यांनी जेलला तोंड लावलं नाही, कूट मात्र फस्त. तीसच्या तीस धडधाकट. झुरळांना बघून इतका आनंद जन्मात झाला नव्हता.

१२ मार्च, गुरुवार

आज डोक्यात वीज चमकली. गोदामवाली झुरळं जेलवर इतकी तुटून पडतात, तर ती जिवंत कशी?

ऑफिसात जाऊन गोदामाचं कार्ड काढलं. बारा वर्षं, दर महिन्याला, "जेल लावले" आणि खाली सही. सुपरवायझरची! बढती मिळाली तरी ते एक ठिकाण त्यानं स्वतःकडे ठेवलंय.

मी चोर काय? थांब लेका!

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर बरण्या ठेवल्या. ताजी झुरळं, दोन्हीकडची. सुपरवायझर मागोमाग धावत आला. "साहेब, ही बाई वेडी झालीय!"

"पाच मिनिटं वेडीचं ऐका," म्हटलं. दोन्हीत जेल सोडलं, वर काळं कापड टाकलं. साहेब चहा पीत बसले. कापड काढलं तर गोदामवाली ठिपक्याभोवती गर्दी करून, बेकरीवाली बरणीच्या दुसऱ्या टोकाला.

पन्नास पिढ्यांचं सगळं सांगितलं. "साहेब, गोड न खाणारी झुरळं ही आमच्या कामाची पावती आहे. आता ह्यांना विचारा, ह्यांच्या गोदामातली झुरळं बारा वर्षं हे औषध खाऊन जगली कशी?"

सुपरवायझर म्हणाला, "ती... दुसरी जात असेल."

भिंग मी खिशातच ठेवलं होतं. साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी एका बरणीत पाहिलं, दुसऱ्या बरणीत पाहिलं. "दोन रेघा," म्हणाले. "इथेही दोनच." मग सुपरवायझरला बाहेर थांबायला सांगितलं.

बेकरीला सोमवारपासून बिनसाखरेचं औषध. काम माझ्याकडेच.

निघताना साहेब कपाळ चोळत म्हणाले, "हे दोन बरण्यांचं मी आधी कुठेतरी वाचलंय." आमच्या नववीतल्या कार्टीच्या पुस्तकात असेल, म्हटलं! घरी जाऊन बाबांना अख्खी हकिगत दोनदा सांगितली. हसले. गोदामाचं ऐकून मात्र जराही चकित झाले नाहीत.

१४ मार्च, शनिवार

साहेबांनी जुन्या फाइलमधून एक कागद काढून दिला. चार वर्षांपूर्वीचा, बाबांच्या अक्षरातला. एकही रेघ हललेली नाही. बेकरी, गोदाम, दोन बरण्या, सुपरवायझरच्या सह्या, सगळं त्यात आहे. आणि तळाशी, दोन दिवसांनंतरची तारीख घालून, तितक्याच सुबक अक्षरात:

"वरील तक्रार मागे घेत आहे. माझे हात थरथरतात. सुपरवायझर साहेबांशी ठरल्याप्रमाणे माझ्या जागी मुलीला घ्यावे."