सुनेला वरचे घर आणि प्रवाळांची टाकी

मी, इन्शिराह मुतवल्ली, मरहूम शुक्री यांची पत्नी, निवृत्त शिक्षिका, राहणार सुवेझ, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. हृदय थकले आहे, डोके शाबूत आहे. पुन्हा असा कागद करायला सवड मिळेल, असे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून वाटत नाही.

१. माझ्या मालमत्तेच्या तीन हिश्शांपैकी दोन शरियतप्रमाणे माझी मुलगी सहर आणि धाकटा भाऊ इज्जत यांना जातील. त्यात मी बोट घालत नाही. तिसरा हिस्सा माझ्या मर्जीचा. पुढचे सगळे त्याविषयी.

२. वरच्या मजल्यावरचे घर तिसऱ्या हिश्शात बसते. ते मी माझी सून रबाब हिला देते. माझा मुलगा हाझिम असता तर हे लिहावे लागले नसते. कालव्यात जहाजे ओढणाऱ्या बोटीवर तो कामाला होता. ताणलेला दोर तुटून त्याच्या छातीवर बसला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती, मूलबाळ नाही. मुलगा आईच्या आधी गेला, तर आईच्या मागे सुनेला काही मिळत नाही, असा कायदा. कायदा आमच्या घरी कधी राहायला आला नाही.

३. वरच्या घरातली खाऱ्या पाण्याची टाकी, दिवे, पंप आणि आतले मऊ प्रवाळ, हेही रबाबचेच. समुद्रातून प्रवाळ तोडणे गुन्हा आहे, म्हणून हाझिमने मित्राच्या टाकीतला बोटभर तुकडा आणला होता. त्याचेच तुकडे लावत, वाढवत त्याने टाकी भरली. बाळाच्या मुठीसारखी त्यांची सारखी उघडझाप चालते.

इज्जतला हे कलम सलेल, म्हणून कारण लिहून ठेवते. हाझिमच्या मरणाच्या चाळीसाव्या दिवशी दुखवट्याला घर माणसांनी भरले होते. आदल्या दिवशी वीज गेली ती सकाळी आली. तोवर पाणी तापून प्रवाळ विरघळू लागले होते आणि घरभर सडका वास सुटला होता. इज्जत सर्वांसमोर म्हणाला, "ताई, हे गटारात ओत. पोरगा गेला, आता त्याचे किडे कशाला पोसतेस?" मग रबाबकडे न बघता, "आणि ज्यांचं इथं कोणी उरलं नाही, त्यांनीही आपलं माहेर बघावं."

रबाबने कॉफीचे तबक खाली ठेवले. आत गेली आणि कात्री व लग्नातली डोक्यावरची पांढरी जाळी घेऊन आली. मी म्हटले, "अगं, ती नको!"

"आई, दोऱ्यानं बांधलं तर तुकडा कापला जातो. जाळी अलगद धरते, मग तो दगडाला चिकटतो. हाझिम माझी चेष्टा करायचा, म्हणायचा, कधीतरी तुझी हीच जाळी कापीन." तिचा आवाज जराही हलला नाही. "तुम्ही दगड धरा."

सडलेले सोडून जिवंत टोके ती कापत गेली. खाऱ्या पाण्यात विसळलेला एकेक तुकडा दगडाच्या कपचीवर ठेवला, वरून जाळी ओढली, खालून गाठ मारली. काळ्या कपड्यांतल्या आम्ही दोघी गुडघ्यांवर, हात चिकट. इज्जत म्हणाला, "दोघींना वेड लागलंय." पाहुणे उठून गेले.

बरेच तुकडे मेले. काहींनी दगड धरला. काही दिवसांनी जाळ्या सोडवल्या, तेव्हा एक मूठ उघडली. माझ्या मुलाच्या मरणानंतर रबाब त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडली. ती माहेरी गेली नाही.

४. शिवणयंत्र आणि माझी पुस्तके सहरने हवी तर न्यावी. रबाब आड येणार नाही. इज्जतला शरियतचे मिळेल. माझ्या मनातले मागू नये. त्याला माफ केले का, असे इमामसाहेबांनी विचारले. अजून नाही. जमले तर करीन.

५. मला न्यायला माणसे जमतील तेव्हा कोणी पंपाचे बटण बंद करू नये. टाकीजवळ धूप जाळू नये. पाणी आटले तर गोडे पाणी घालावे. मीठ उडून जात नाही.

६. हे शेवटचे, आणि फक्त रबाबसाठी. इस्माइलियाच्या त्या शिक्षकाने लग्नाची मागणी घातली, त्याला तू नाही म्हणालीस. मी कारण विचारले, तर म्हणालीस, "मी गेले तर टाकी कोण बघणार, आई?" पोरी, मला सगळे कळते. लग्न केलेस तरी हे घर तुझेच राहील, यात कोणाला फेरफार करता येणार नाही. विकायचे तर वीक. चार तुकडे सोबत नेता आले तर ने. नाही जमले, तर वीज बंद कर आणि दार ओढून घे. मेले तर मेले. हाझिम त्या पाण्यात नाही. मी रोज पहाटे खुर्ची ओढून त्याला तिथे शोधत असे. मला ठाऊक आहे.

साक्षीदार: मुनीर जर्जिस, औषधविक्रेते, शेजारी (सही)
अब्दुलबारी हशीश, हाझिमच्या बोटीचे कप्तान (सही)

वरील मजकूर मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवला. रबाबला त्या वेळी मुद्दाम बाजारात पाठवले होते.

इन्शिराह मुतवल्ली (सही)
सुवेझ, १४ नोव्हेंबर २०१९